फ्लॅग्रंट वन की टू? एनबीए प्लेऑफ्स नव्यानं बघणाऱ्यांसाठी

एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. तिचे प्लेऑफ्स, म्हणजे सीझनअखेरच्या बाद फेऱ्या, एप्रिलच्या मध्याला सुरू होतात आणि जूनमध्ये फायनल्स होतात. प्रत्येक फेरीत दोन संघांची मालिका असते, आधी चार सामने जिंकेल तो पुढे. आपल्याकडे हे सामने सकाळी लागतात. न्यूयॉर्कला रात्री साडेआठला सुरू झालेला सामना म्हणजे आपले सकाळचे सहा. चहा होतो, चौथं क्वार्टर सुरू होतं, आणि ऑफिसला निघायच्या नेमक्या वेळी कुणीतरी कुणालातरी हवेतून खाली पाडतं. शिट्टी वाजते. एक रेफरी बोट हवेत गोल फिरवतो, तिघे टेबलाजवळच्या स्क्रीनकडे जातात आणि खेळ थांबतो. प्रेक्षक ओरडत असतात, समालोचक आपापली मतं मांडत असतात, आणि नव्या माणसाला कळत नाही की एवढा वेळ हे बघतायत तरी काय.

फाऊल साधा की ‘फ्लॅग्रंट’, म्हणजे अंगावर गरजेपेक्षा जास्त गेल्याचा, आणि फ्लॅग्रंट असेल तर वन की टू, हे ते बघत असतात. तेच इथे क्रमानं सांगतो. नियमपुस्तक पाठ करायची गरज नाही. कुठे बघायचं ते कळलं की दोन-तीन सामन्यांत तुम्हीच रेफरीच्या आधी निकाल सांगायला लागाल, आणि बहुतेक वेळा तो बरोबर असेल.

पहिली पायरी: जोरात लागलं म्हणजे फ्लॅग्रंट झाला असं नाही

एनबीएमध्ये खेळाडूला सहा फाऊल्स मिळाले की तो सामन्यातून बाद होतो. हे सहा बहुतेक वेळा साधे फाऊल्स असतात: हातावर मारलं, कंबरेला धरलं, वाटेत आडवा आला. प्लेऑफ्समध्ये हे साधे फाऊल्सही रेग्युलर सीझनपेक्षा जोरकस दिसतात. सोपा लेअप (बास्केटजवळ उडून टाकलेला चेंडू) द्यायचा नाही, समोरच्याला दोन फ्री थ्रो (कुणी न अडवता मारायचे नेम) घ्यायला लावायचे, हा जुना हिशोब आहे. म्हणून लेअपला उडालेल्या माणसाला बचावपटूनं दोन्ही हातांनी कवेत घेऊन खाली आणलं तर ते बघायला रांगडं वाटतं, पण बहुतेक वेळा तो साधाच फाऊल ठरतो. चेंडूकडे स्पष्ट गेलेला हात मनगटावर सणसणीत बसला, तरी तेच.

आणखी दोन प्रकार नवख्यांना गोंधळात टाकतात. जलद हल्ला तोडायला मुद्दाम केलेला ‘टेक फाऊल’ आणि समोर कुणीच नसताना मागून केलेला ‘क्लिअर पाथ फाऊल’. दोन्हींची शिक्षा साध्या फाऊलपेक्षा कडक आहे, चेंडूही पुन्हा त्याच संघाला मिळतो. पण ती शिक्षा डाव मोडल्याबद्दल असते. अंगावर किती जोरात आला याचा तिथे संबंध नाही, त्यामुळे हे दोन्ही सध्या बाजूला ठेवा.

दुसरी पायरी: दोन विशेषणं

फ्लॅग्रंटची सगळी इमारत दोन विशेषणांवर उभी आहे. अंगाला झालेला स्पर्श ‘अनावश्यक’ असेल तर फ्लॅग्रंट वन. ‘अनावश्यक आणि अतिरेकी’ असेल तर फ्लॅग्रंट टू.

शिक्षा अशी: दोन्हींत साधारणपणे दोन फ्री थ्रो, आणि ते झाल्यावर चेंडू पुन्हा त्याच संघाकडे. अटीतटीच्या सामन्यात एवढ्यावर चार-पाच गुण फिरू शकतात. फ्लॅग्रंट टूला त्यावर आणखी एक गोष्ट: खेळाडू थेट बाहेर. एकाच सामन्यात दोन फ्लॅग्रंट वन झाले तरीही बाहेर.

एक बारकावा फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. साध्या फाऊलमध्ये जखमी झालेला खेळाडू फ्री थ्रो घेऊ शकला नाही, तर त्याच्या बदली कोण घेणार हे समोरचा कोच ठरवतो, आणि साहजिकच तो सगळ्यात कच्चा नेमबाज निवडतो. शिवाय जखमी खेळाडूला पुन्हा सामन्यात येता येत नाही. फ्लॅग्रंटमध्ये हे उलटं आहे. बदली नेमबाज जखमी खेळाडूचाच कोच निवडतो आणि तो खेळाडू नंतर परत येऊ शकतो. नियम करणाऱ्यानं इथे चांगलाच विचार केलाय, नाहीतर समोरच्याच्या उत्तम नेमबाजाला पाडणं फायद्याचं ठरलं असतं.

आपल्याकडे शाळा-कॉलेजात किंवा क्लबात खेळला असाल तर तुम्हाला ‘अनस्पोर्ट्समनलाइक’ आणि ‘डिसक्वालिफाइंग’ हे शब्द ओळखीचे असतील. आपल्या मैदानांवर फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे, नियम चालतात, हे दोन्ही तिकडचे. फ्लॅग्रंटचे ते चुलतभाऊ, पण हुबेहूब नाहीत, म्हणून फिबाचा अनुभव एनबीएला जसाच्या तसा लावू नका.

तिसरी पायरी: रिप्लेमध्ये पडलेल्याकडे बघू नका

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथे जरा थांबू.

टीव्हीवर रिप्ले लागला की आपली नजर पडणाऱ्या माणसाकडे जाते. तो कसा आपटला, किती कळवळला. रेफरीही ते बघतो, दुखापतीची शक्यता हा त्याच्या हिशोबातला एक मुद्दा आहेच. पण त्याची नजर सुरुवातीला असते फाऊल करणाऱ्याच्या हातावर, आणि तीही स्पर्श व्हायच्या आधीपासून. हात मागे घेतला होता का? मग तो आदळला कुठे आणि किती जोरात? आणि आदळल्यावर थांबला की पुढे रेटतच गेला? समालोचक ज्याला ‘वाइंडअप, इम्पॅक्ट, फॉलो-थ्रू’ म्हणतात ते हेच. या तिन्हींबरोबर आणखी दोन प्रश्न असतात: तो खरंच चेंडूसाठी खेळत होता का, आणि फटका खांद्याच्या वर, म्हणजे मान, डोकं, चेहऱ्यावर बसला का.

13 जून 2021 ची घटना घ्या. डेन्व्हर नगेट्स आणि फिनिक्स सन्स, दुसऱ्या फेरीचा चौथा सामना. डेन्व्हर मालिकेत 0-3 नं मागे, घरच्या मैदानावर. त्यांच्या निकोला योकिचला काही दिवसांपूर्वीच एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, जाहीर झालेलं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये सन्सचा कॅमरन पेन चेंडू घेऊन चाललेला असताना योकिचनं वरून खाली जोरात हात फिरवला. हात चेंडूच्या रोखानं गेला, हे कुणीही मान्य करेल. पण तो लांबून, पूर्ण ताकदीनं आला, आणि जाता जाता पेनच्या नाकावर बसला. लगेच डेव्हिन बुकर योकिचच्या अंगावर धावून गेला. रेफरींनी स्क्रीन बघितली आणि निकाल दिला: फ्लॅग्रंट टू. लीगचा सर्वोत्तम खेळाडू बाहेर, सन्सनी सामना 125-118 असा जिंकला आणि मालिका 4-0 नं संपली.

आता वरचे प्रश्न एकेक करून लावा. हात मागून आला का? हो, भलामोठा. आदळला कुठे? चेहऱ्यावर. थांबला का? नाही, पुढे गेला. चेंडूसाठी होता का? होता, निदान अर्धा. त्या दिवशी पुष्कळ जण म्हणाले की हा फ्लॅग्रंट वन पुरे होता, एवढ्या मोठ्या सामन्यात एमव्हीपीला काढायला नको होतं. मला तो निकाल बरोबर वाटतो. चेंडू काढायला एवढा लांबचा फटका लागत नाही. हात ज्या वेगानं आला तो वैतागाचा होता, बचावाचा नव्हता. पण वैताग दिसला म्हणून टू दिला असं नाही. वाइंडअप आणि चेहरा हे दोन एकत्र आले म्हणून दिला.

यातून नवख्यानं एक गोष्ट घ्यावी. ‘मुद्दाम केलं का?’ या प्रश्नात अडकू नका. खेळाडूच्या मनात काय होतं ते रेफरीला स्क्रीनवर दिसत नाही. ‘त्याचा तसा हेतू नव्हता’ हे वाक्य प्लेऑफ्समध्ये तुम्ही रोज ऐकाल, आणि त्यानं निकाल क्वचितच बदलतो.

शंका न उरणारं उदाहरण हवं असेल तर 3 मे 2022 चं आहे. मेम्फिस विरुद्ध गोल्डन स्टेट, दुसरा सामना, पहिली तीनच मिनिटं झालेली. गोल्डन स्टेटचा गॅरी पेटन (दुसरा) एकटाच लेअपला उडाला आणि मागून आलेल्या मेम्फिसच्या डिलन ब्रूक्सचा हात त्याच्या डोक्यावर आदळला. हवेत असलेल्या माणसाला आधार नसतो, त्यामुळे तो कसा पडेल ते त्याच्या हातात राहत नाही. पेटन पडला आणि त्याचं कोपर मोडलं. फ्लॅग्रंट टू, ब्रूक्स बाहेर, आणि नंतर लीगनं पुढच्या एका सामन्याची बंदीही घातली. हवेतला खेळाडू, मागून येणारा बचावपटू आणि डोकं हे तिन्ही एका रिप्लेत दिसले की स्क्रीनसमोर फार वेळ जात नाही.

चौथी पायरी: मग पायांकडे बघा

हातानंतर पाय. लांबून नेम मारणारा खेळाडू उडी मारतो आणि खाली येतो, तेव्हा त्याला उतरायला जागा लागते. बचावपटूनं त्या जागेत पाऊल सरकवलं तर उतरणाऱ्याचा घोटा मुरगळतो.

14 मे 2017 ला वेस्टर्न कॉन्फरन्स फायनल्सच्या (पश्चिम गटाच्या अंतिम मालिकेच्या) पहिल्या सामन्यात हेच झालं. गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्ध सॅन अँटोनियो स्पर्स 78-55 असे, म्हणजे 23 गुणांनी पुढे होते. स्पर्सचा काव्हाय लेनर्ड नेम मारून खाली आला तो थेट वॉरियर्सच्या झाझा पाचुलियाच्या पायावर. मैदानावर साधा फाऊल दिला गेला. लेनर्ड बाहेर गेला, वॉरियर्सनी सामना 113-111 नं फिरवला आणि मालिकाही 4-0 नं घेतली. पुढच्याच सीझनपासून लीगनं रेफरींना सांगितलं की असा बेपर्वा क्लोजआउट (नेमबाजाच्या अंगावर धावून जाणं) दिसला तर रिप्ले बघा आणि फ्लॅग्रंट द्या. आज थ्री-पॉइंटरवर फाऊल झाला की रेफरी आधी नेमबाजाच्या पावलांखाली बघतात, ते तेव्हापासून.

तुम्हीही तेच करा. बचावपटूचं शेवटचं पाऊल उभ्या जागी पडलं की नेमबाजाच्या खाली सरकत गेलं, हे स्लो मोशनमध्ये स्वच्छ दिसतं. मात्र नेमबाजानंच पाय पुढे फेकून टक्कर ओढवून घेतली असेल तर दोष त्याचा. या कलेत काही नामवंत भलतेच तरबेज आहेत.

पाचवी पायरी: स्क्रीनसमोर ठरवतं कोण

क्रिकेटची सवय असलेल्याला वाटतं की वर कुठेतरी थर्ड अंपायर बसलाय आणि तो निकाल कळवतो. एनबीएचं रिप्ले सेंटर न्यू जर्सीतल्या सिकॉकसला आहे, 2014 पासून. तिथून हवे ते कॅमेऱ्याचे कोन मिळतात. पण फ्लॅग्रंटचा निकाल मैदानावरचे रेफरीच देतात, आणि शेवटचा शब्द क्रू चीफचा, म्हणजे त्या तिघांतल्या प्रमुखाचा असतो.

मैदानावर फ्लॅग्रंट दिला की रिप्ले बघावाच लागतो. साधा फाऊल दिला पण काहीतरी जास्त वाटलं, तरीही बघता येतो. तिथून निकाल वर जाऊ शकतो आणि खालीही येऊ शकतो: वनचा टू, टूचा वन, किंवा दोन्ही रद्द होऊन साधा फाऊल. त्याच वेळी बाकीच्यांनी धक्काबुक्की केली असेल तर त्यांना टेक्निकल फाऊल्सही (गैरवर्तनाबद्दलचे) वाटले जातात. म्हणून एका फटक्यानंतर चार जणांची नावं जाहीर झाली तर गोंधळू नका. फ्लॅग्रंट एकाचाच असतो, बाकीचं भांडणाचं बिल. टेक्निकल फाऊल्सचा हिशोबही वेगळा: एकाच सामन्यात दोन झाले की खेळाडू बाहेर, आणि पूर्ण प्लेऑफ्समध्ये सात झाले की एका सामन्याची बंदी.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. हे सगळे निकष असूनही दोन फटक्यांना एकच माप लागतं असं नाही. 20 एप्रिल 2023 ला ब्रुकलिनमध्ये नेट्स विरुद्ध फिलाडेल्फिया सेव्हन्टी सिक्सर्स, तिसरा सामना. पहिल्या क्वार्टरमध्ये फिलाडेल्फियाचा जोएल एम्बीड खाली पडलेला, नेट्सचा निक क्लॅक्सटन त्याला ओलांडून जात होता, तर एम्बीडनं खालून पाय झाडला, तोही नको त्या ठिकाणच्या दिशेनं. निकाल: फ्लॅग्रंट वन. त्याच सामन्यात पुढे फिलाडेल्फियाचा जेम्स हार्डन चेंडू घेऊन खेळताना नेट्सच्या रॉइस ओ’नीलला हातानं दूर ढकलत होता, तो हात नाजूक जागी लागला. निकाल: फ्लॅग्रंट टू, हार्डन बाहेर. दोन्ही रिप्ले शेजारी शेजारी लावून बघितले तर कुणालाही विचारावंसं वाटेल की यातला जास्त वाईट कुठला. माझं उत्तर त्या रेफरींपेक्षा वेगळं आहे. लाथ मारणं हा बास्केटबॉलचा भाग कुठल्याच अर्थानं नाही, ढकलणं निदान खेळाच्या ओघात होतं. फिलाडेल्फियानं तो सामना 102-97 नं जिंकला म्हणून चर्चा लवकर विरली, इतकंच.

सहावी पायरी: प्लेऑफ्सभर चालणारं खातं

आतापर्यंतचं सगळं रेग्युलर सीझनलाही लागू आहे. प्लेऑफ्समध्ये फ्लॅग्रंटची व्याख्या बदलत नाही, बदलतं ते खातं. फ्लॅग्रंट वनचा एक पॉइंट, टूचे दोन. प्लेऑफ्स सुरू होताना सगळ्यांचं खातं शून्यावर असतं आणि ते फायनल्सपर्यंत चालू राहतं, मालिका बदलली म्हणून पुसलं जात नाही. तीन पॉइंट्सपर्यंत चालतं. ते ओलांडले की पुढच्या सामन्यात बंदी, आणि त्यानंतर प्रत्येक नव्या फ्लॅग्रंटला पुन्हा बंदी. रेग्युलर सीझनमध्ये ही मर्यादा पाच पॉइंट्सची आहे. शिवाय मैदानावर जे ठरलं ते अंतिम नसतं. लीगचं ऑफिस नंतर सगळं पुन्हा बघतं आणि तिथेही निकाल वर-खाली होऊ शकतो.

हे खातं किती महाग पडू शकतं ते 2016 मध्ये दिसलं. गोल्डन स्टेट वॉरियर्सनी त्या सीझनमध्ये 82 पैकी 73 सामने जिंकले होते. ड्रेमंड ग्रीनच्या खात्यावर पहिल्या फेरीत ह्यूस्टनविरुद्ध एक पॉइंट लागला. मग ओक्लाहोमा सिटीविरुद्ध त्यानं स्टीव्हन अॅडम्सला जांघेत लाथ मारली. मैदानावर फ्लॅग्रंट वन दिला होता, लीगनं नंतर तो टू केला आणि 25,000 डॉलर्स दंड ठोठावला. एकूण तीन.

फायनल्समध्ये वॉरियर्स क्लीव्हलँडविरुद्ध 3-1 नं पुढे गेले. त्या चौथ्या सामन्याच्या शेवटी ग्रीन आणि लेब्रॉन जेम्स एकमेकांत अडकले, ग्रीन पडला, लेब्रॉन त्याच्यावरून पाय टाकून पुढे गेला, आणि ग्रीननं खालून हात फिरवला. मैदानावर फ्लॅग्रंट नाही. लीगनं नंतर बघून फ्लॅग्रंट वन लावला. चार झाले. पाचव्या सामन्यात बंदी. ओकलंडमधल्या त्या अरेनात ग्रीनला प्रवेश नव्हता, म्हणून त्यानं सामना शेजारच्या बेसबॉल स्टेडियमवर बसून बघितला. लेब्रॉन आणि कायरी अर्व्हिंगनं प्रत्येकी 41 गुण काढले, क्लीव्हलँडनं 112-97 नं जिंकून मालिका जिवंत ठेवली आणि सातव्या सामन्यात 93-89 नं विजेतेपद नेलं. तो हात एरवी कुणाच्या लक्षातही राहिला नसता.

म्हणून दुसऱ्या फेरीपासून एक सवय लावा: कुणाच्या खात्यावर किती पॉइंट्स आहेत ते सामन्याआधी बघून ठेवा. तीनवर असलेला बचावपटू नेहमीसारखा अंगावर जात नाही, आणि समोरचा संघ मुद्दाम त्याच्यावर चालून जातो.

सातवी पायरी: दुसऱ्या दिवशीची बातमी

मैदानावरच्या रेफरीनं फक्त तो एक प्रसंग बघायचा असतो. लीगच्या ऑफिसला तसं बंधन नाही. 17 एप्रिल 2023 ला सॅक्रामेंटोमध्ये डोमान्टास सबोनिस खाली पडला आणि त्यानं ग्रीनचा पाय धरला. ग्रीननं त्याच्या छातीवर पाय देऊन पुढे उडी घेतली. सबोनिसला टेक्निकल, ग्रीनला फ्लॅग्रंट टू. खात्यावर दोनच पॉइंट्स, म्हणजे आपोआप बंदी लागू नव्हती. तरी लीगनं त्याला पुढच्या सामन्यात बाहेर बसवलं, आणि कारणांत त्याचा आधीचा इतिहासही स्पष्ट लिहिला. त्यामुळे ‘बाहेर काढलं, विषय संपला’ असं समजून टीव्ही बंद केलात तरी दुपारच्या बातम्या बघा.

आणि शेवटची, नव्या प्रेक्षकाकडून हमखास सुटणारी जागा म्हणजे राखीव खेळाडूंचा बाक. मैदानावर झटापट सुरू झाली की कॅमेरा तिकडे जातो, पण जुने बघणारे बाकाकडे बघतात. झटापटीच्या वेळी बाकाजवळची जागा सोडून मैदानात येणाऱ्याला एका सामन्याची बंदी लागते, मग तो भांडण सोडवायला आलेला असो की करायला. 14 मे 2007 ला स्पर्सच्या रॉबर्ट हॉरीनं सन्सच्या स्टीव्ह नॅशला कंबरेनं धडक देऊन स्कोअरर्स टेबलावर आपटवलं. सामना सन्सनी 104-98 नं जिंकलाच होता, मालिका 2-2 झाली होती. हॉरीला दोन सामन्यांची बंदी मिळाली. पण त्या क्षणी सन्सचे अमारे स्टाउडमायर आणि बोरिस डियाव बाकावरून उठून काही पावलं पुढे आले होते. कुणाला हातही लावला नव्हता. दोघांनाही एकेका सामन्याची बंदी लागली. पाचवा सामना फिनिक्सला, घरच्या मैदानावर होता. तो सन्स 88-85 असे तीन गुणांनी हरले आणि सहाव्या सामन्यात मालिका स्पर्सनी घेतली.